कोन विचारायचा राहून गेला

शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी यंदा बारावीला आहे. गेल्या रविवारी सकाळी ती भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पण त्याआधी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो, हे तिला तिच्या आईने सांगितले असावे. पुस्तक उघडून तिने बोट ठेवले ते प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या, म्हणजे आपण सारे ज्याला एसी म्हणतो त्या विजेच्या प्रकरणावर. एक आडवा बाण, एक उभा बाण आणि दोघांच्या मधून गेलेला तिसरा तिरका बाण. खाली इम्पीडन्सचे सूत्र.

"आजोबा, सूत्र पाठ आहे. गणितंही सुटतात. पण हे बाण कशाचे आहेत, तेवढं सांगा," ती म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला. १९८० साली हीच आकृती मी उत्तरपत्रिकेत पट्टी लावून काढली होती. वर्गमुळाचे चिन्ह व्यवस्थित ओढले होते आणि मार्कही चांगले मिळवले होते. बाण कशाचे, हे मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते. तो प्रश्न माझ्यापुढे आला तो अकरा वर्षांनी, बँकेच्या टेबलावर. आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्या एका माणसाने दिली. ती गोष्ट मी आजवर कुठल्याच कादंबरीत घातली नाही. आज मात्र सांगावीशी वाटते.

१९९१ साली माझी बदली कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शाखेत झाली. आजूबाजूला फाउंड्र्या. संध्याकाळी भट्ट्या सुरू झाल्या की आकाश तांबूस दिसे आणि खिडकीच्या कट्ट्यावर काळी भुकटी जमे. माझ्याकडे कर्जखाते होते. आमच्या खातेदारांत एक गृहस्थ होते, ज्यांना सारी वसाहत नुसते 'मिस्त्री' म्हणे. सातवीनंतर शाळा सोडून दुसऱ्याच्या फाउंड्रीत साचे भरायला लागलेला हा माणूस पन्नाशीत स्वतःच्या फाउंड्रीचा मालक झाला होता. बिडाचे ओतकाम, शेजारी लेथचे शेड, वीसेक माणसे हाताखाली. त्यांना पंपांच्या सुट्या भागांची एक मोठी ऑर्डर मिळण्याच्या बेतात होती आणि त्यासाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. प्रस्तावासोबत दोन लेथ आणि एक 'कॅपॅसिटर पॅनेल' यांची कोटेशने जोडलेली होती.

मी तपासणीला गेलो. स्टॉक पाहिला, हजेरीपट पाहिला, विजेची बिले पाहिली. बिलांत ओळीने पाच महिने एक रक्कम होती: पॉवर फॅक्टर कमी असल्याबद्दल दंड. 'दंड' हा शब्द पाहिला की बँकेतल्या माणसाचे कान टवकारतात. मी शाखेत परतलो आणि अहवालात शेरा मारला, 'वीज बिलात वारंवार दंड. व्यवस्थापनात शिस्तीचा अभाव.' आणि कॅपॅसिटर पॅनेलच्या कोटेशनवर लाल शाईने लिहिले, 'अनुत्पादक मालमत्ता. वगळावे.' कारण ते यंत्र काही बनवत नव्हते. त्यातून ना माल निघणार होता, ना त्याला कामगार लागणार होता.

प्रस्ताव विभागीय कार्यालयात गेला, शेऱ्यावर अडकला, खुलासे मागवले गेले. तीन महिने गेले. तेवढ्यात ती ऑर्डर दुसऱ्या कोणाला मिळाली. मिस्त्रींनी नव्याने घेतलेल्या दोन पोरांना कामावरून कमी केले.

एके दिवशी दुपारी कॅश बंद झाल्यावर मिस्त्री शाखेत आले. सोबत त्यांचा पुतण्या, आयटीआय झालेला वायरमन. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण मिस्त्रींनी पिशवीतून ट्यूबलाइटचा एक तांब्याच्या तारेचा जुना चोक काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, तुम्ही फिजिक्सवाले. एवढं एक कोडं सोडवून द्या," ते म्हणाले.

पुतण्याने आमच्या भिंतीवरच्या चालू ट्यूबची पट्टी उघडली आणि मीटर लावला. (वाचकांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये.) आलेल्या व्होल्टेजला २३०. नुसत्या ट्यूबच्या दोन टोकांना सुमारे १००. नुसत्या चोकच्या दोन टोकांना सुमारे २००. वीज आधी चोकमधून जाते, मग ट्यूबमधून. वाटेत तिसरे काही नाही. तेव्हा आलेले २३० व्होल्ट या दोघांतच वाटले गेले पाहिजेत.

आमचे हेडकॅशियर चष्मा कपाळावर चढवून पाहत होते. त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. "शंभर आणि दोनशे, तीनशे. आले दोनशे तीस. मग वरचे सत्तर कुठून आले? टॅली होत नाही!"

बेरजेत सत्तरचा फरक, तोही शिल्लक जास्त! बँकेत अशा फरकापायी रात्रीचे दहा वाजेपर्यंत बसावे लागते. मला मात्र एकदम माझी बी.एस्सी.ची उत्तरपत्रिका आठवली. शंभरचा आडवा बाण, दोनशेचा उभा बाण. काटकोन त्रिकोण. शंभराचा वर्ग दहा हजार, दोनशेचा चाळीस हजार, पन्नास हजारांचे वर्गमूळ सुमारे २२४. जवळजवळ २३०! आणि थोडे कमी पडतात तेही बरोबरच आहे. चोकच्या तारेचा स्वतःचा थोडा रोध असतो, त्यामुळे त्याचा बाण अगदी ताठ उभा नसून आडव्या बाणाकडे जरासा झुकलेला असतो. तेवढा झुकाव धरला की हिशेब २३० च्या आसपास येतो.

मी हे कागदावर मांडून दाखवले. कॅशियर म्हणाले, "गणित आलं हो. पण बाण वाकडे का धरायचे? पैशाला काय दिशा असते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर मिस्त्रींच्या पुतण्याने दिले, आणि तेही कॅशियरच्याच भाषेत. "तुमच्या शाखेत पेन्शनची गर्दी एक तारखेला. उसाच्या बिलाची गर्दी पंधरा तारखेला. दोन्ही दिवशी मिळून किती कॅश लागंल, असं विचारून तुम्ही दोन्ही आकडे बेरीज करून तिजोरीत ठेवता का? न्हाई. कारण दोघांची भरती एका दिवशी येत न्हाई. विजेचंबी तसंच."

या उदाहरणातच सगळे आले. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावते. एक हेलकावा पुरा व्हायला सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे वीस मिलिसेकंद लागतात. मीटर जो आकडा दाखवतो तो त्या साऱ्या हेलकाव्याचे एक प्रकारचे सरासरी मोजमाप असते. ट्यूबच्या वाटचे व्होल्टेज जेव्हा ऐन भरात असते तेव्हा चोकच्या वाटचे जवळपास शून्य असते. पाव हेलकावा सरला, म्हणजे पाच मिलिसेकंद गेली, की उलट. प्रत्येक क्षणाची बेरीज घेतली तर हिशेब पैपर्यंत जुळतो. पण दोघांच्या भरतीची वेळ वेगळी असल्याने त्यांच्या मोजमापांची साधी बेरीज करून चालत नाही.

चोक असा उशीर का करतो? चोक म्हणजे लोखंडाभोवती गुंडाळलेली तार. तारेतून वीज वाहिली की लोखंडात चुंबकत्व येते, आणि प्रवाह बदलू लागला की ते चुंबकत्व त्या बदलाला अडवते. मालाने भरलेली हातगाडी डोळ्यांपुढे आणा. आपण जोर लावतो, पण गाडी लगेच वेग घेत नाही. पुढे ती वेगात असताना आपण मागे ओढू लागलो, तरी काही काळ ती पुढेच जात राहते. व्होल्टेज म्हणजे आपला जोर, प्रवाह म्हणजे गाडीचा वेग. नुसत्या वेटोळ्यात प्रवाह व्होल्टेजच्या पाव हेलकावा मागे राहतो तो असा. कॅपॅसिटरचे याच्या उलट. तो पाण्याच्या टाकीसारखा. टाकी रिकामी असते तेव्हा पाण्याचा लोंढा सर्वात मोठा असतो, आणि पातळी पूर्ण चढते तेव्हा लोंढा थांबलेला असतो. लोंढा आधी, पातळी मागून. म्हणून कॅपॅसिटरमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या पाव हेलकावा पुढे असतो.

आता ते बाण. जत्रेतला आकाशपाळणा आठवा. त्यातले दोन पाळणे घ्या, एक अगदी वर आणि दुसरा त्याच्या पाव फेरी मागे. चक्र फिरू लागले की दोघेही वर जातात, खाली येतात. त्यांच्या उंचीचा क्षणोक्षणीचा हिशेब ठेवायचा म्हटले तर डोके गरगरेल. पण दोघांमधले पाव फेरीचे अंतर कधीच बदलत नाही. मग सगळे फिरणे कशाला पाहायचे? एक फोटो काढावा, पुरे. आसापासून पहिल्या पाळण्याकडे एक बाण, दुसऱ्याकडे दुसरा बाण. पुस्तकातली फेझर आकृती म्हणजे फिरत्या आकाशपाळण्याचा काढलेला फोटो. बाणाची लांबी सांगते किती, आणि बाणाचा कोन सांगतो केव्हा.

आणि इम्पीडन्स म्हणजे अडवणूक. पण साधी नव्हे. साधा रोध विजेला अडवतो आणि ती वीज उष्णतेत खर्ची घालतो, इस्त्री किंवा गीझर करतो तशी. वेटोळे विजेला अडवते ते वेळ लावून, जवळजवळ काहीच खर्च न करता. मिस्त्रींच्या पुतण्याने तो टेबलावरचा चोक मीटरला लावून दाखवला. मीटरच्या लहानशा बॅटरीला तो चाळीस-पन्नास ओहमच अडवत होता. पण भिंतीवरच्या ट्यूबमध्ये त्याच्यासारखाच चोक २०० व्होल्ट घेऊन जेमतेम ०.४३ अँपिअर पुढे सोडत होता, म्हणजे सुमारे ४६५ ओहमची अडवणूक. वस्तू तीच, पण सरळ वाहणाऱ्या विजेपुढे ती जवळजवळ उघडे दार, आणि हेलकावणाऱ्या विजेपुढे पहारेकरी. हेलकावे जितके जलद, तितका पहारा कडक. रोध आणि ही वेळेची अडवणूक काटकोनात मांडून जो तिरका बाण निघतो, त्याचे नाव इम्पीडन्स.

हे नाव दिले इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी, १८८६ साली. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, काही वर्षे तार कंपनीत नोकरी केलेला आणि पुढे घरी बसून अभ्यास करणारा हा माणूस. नाव मिळाले तरी रोजच्या कामातल्या इंजिनिअरांना एसीचा हिशेब अवघडच जात होता. त्यांना वाट दाखवणाऱ्यांपैकी एकाचा जन्म आपल्या मुंबईतला, कुलाब्यातला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आर्थर केनेली, जन्म १७ डिसेंबर १८६१. लहानपणीच ते विलायतेला गेले, तारेच्या कामात वाढले आणि १८८७ च्या अखेरीस अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. एडिसन हे सरळ वाहणाऱ्या विजेचे कट्टर कैवारी, आणि त्यांच्याच या साहाय्यकाने १८९३ साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'इम्पीडन्स' याच नावाचा निबंध मांडला. एसीची मंडले संमिश्र संख्यांनी सोडवता येतात, हे त्यात दाखवले होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोला विद्युतशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिकागो आणि १८९३ म्हटले की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. सर्वधर्म परिषद त्याच जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, पुढच्याच महिन्यात झाली. विद्युत परिषदेसाठी चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र संख्यांच्या वापरावरचा आपला निबंध दिला. ठेंगणी मूर्ती, पाठीला कुबड. समाजवादी विचारांपायी जर्मनी सोडावी लागलेली आणि अमेरिकेत येऊन जेमतेम चार वर्षे झालेली. त्यांच्या पद्धतीने एसीचा हिशेब फळ्यावरच्या साध्या बीजगणिताइतका सोपा केला.

बारावीच्या मुलांना 'काल्पनिक संख्या' हा शब्द दचकवतो. ऋण एकचे वर्गमूळ ही काय भानगड आहे, असे वाटते. बाणाच्या भाषेत ती भानगड उरतच नाही. बाणाला ऋण एकने गुणणे म्हणजे त्याला अर्धी फेरी फिरवून उलटा करणे. मग असे कोणते गुणणे आहे, की जे दोनदा केले की बाण उलटा होईल? पाव फेरी फिरवणे. बस, ऋण एकचे वर्गमूळ ते हेच. त्यात काल्पनिक असे काही नाही. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दर पंधरा मिनिटांनी तेवढेच काम करतो.

पुन्हा त्या दुपारकडे येतो. मिस्त्रींनी मग मूळ मुद्दा काढला. त्या ट्यूबला मिळत होते २३० व्होल्ट आणि वाहत होते ०.४३ अँपिअर. गुणाकार जवळपास शंभर. पण ट्यूब आणि चोक मिळून खरोखर खर्च होत होते पन्नासेक वॉट. उरलेले?

"हातउसने," मिस्त्री म्हणाले. "वेटोळं वीज मागून घेतं, चुंबकात ठेवतं आणि पाच मिलिसेकंदांत परत करतं. पुन्हा मागतं, पुन्हा परत करतं. बुडवत काही न्हाई. पण साहेब, नेआण तर होतेच की. त्यासाठी तार जाड लागते, ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो, आणि नेता आणता तार तापते. माझ्याकडं मोटारीच मोटारी. सगळी वेटोळी. दंड लागतो तो ह्याचा. मी वीज चोरली न्हाई, बिल थकवलं न्हाई. आणि त्यावर उपाय म्हणून मी जे मागितलं होतं, ते तुम्ही खोडलं."

मी फाईल उघडली. माझीच लाल शाई. 'अनुत्पादक मालमत्ता. वगळावे.'

मोटारीचे वेटोळे ज्या क्षणी वीज मागते, नेमक्या त्याच क्षणी कॅपॅसिटर आपल्याजवळची वीज परत करत असतो, कारण एकाचा बाण खाली तर दुसऱ्याचा वर. दोघांना शेजारी बसवले की हातउसने कारखान्याच्या आवारातच फिटते, बाहेरून आणावे लागत नाही. ज्या यंत्राने तो दंड थांबला असता, तेच मी दंडाचा शेरा मारता मारता वगळले होते!

"ते पॅनेल काही बनवत न्हाई, हे खरं," मिस्त्री उठता उठता म्हणाले. "पण साहेब, तुमची तिजोरी तरी काय बनवते?"

बँकेच्या फाईलमधला शेरा खोडता येत नाही. त्याच्या खाली दुसरा शेरा लिहिता येतो. मी लिहिला. प्रस्ताव पॅनेलसकट पुन्हा पाठवला आणि यथावकाश मंजूरही झाला. पॅनेल बसल्यावर दोन महिन्यांत दंडाची ओळ बिलातून गेली. पण गेलेली ऑर्डर परत आली नाही आणि ती दोन पोरेही. त्यांची नावे हजेरीपटात मी स्वतः वाचली होती. मिस्त्री आता नाहीत. त्यांनी पुढे माझ्याशी कधी कडू बोलणे काढले नाही, आणि त्यानेच मला अधिक लागून राहिले.

आज वाटते, त्या दिवशी मला विजेचे सूत्र ठाऊक नव्हते असे नाही. सूत्र पाठ होते. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यामधल्या कोनाची कोसाइन, हे मी झोपेतही सांगितले असते. पण तो कोन म्हणजे वीसेक माणसांच्या कारखान्यातली एक खरी अडचण आहे, तिच्यावर उपाय आहे आणि उपायाचे कोटेशन माझ्या हातात आहे, एवढे मला दिसले नाही. शिक्षणाने मला लांबी मोजायला शिकवले होते. कोन विचारायचा राहून गेला.

ही एका फाउंड्रीपुरती गोष्ट नव्हे. रब्बीच्या दिवसांत गावोगावी 'डीपी जळाली' ही ओरड आपण ऐकतो. शेतीपंपाची मोटर म्हणजे पुन्हा वेटोळेच. पंपाला कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन वीज कंपनी शेतकऱ्यांना करते, आणि ते पुष्कळदा कानाआड होते. कारण पंपावर लटकवलेला तो डबा पाणी उपसताना दिसत नाही. पण हिशेब करून पाहा. काम तेवढेच ठेवून पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९ वर नेला, तर तारेतला प्रवाह सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो आणि तार तापून वाया जाणारी वीज सुमारे ४० टक्क्यांनी. हा फायदा एकट्या शेतकऱ्याचा नसतो, त्या डीपीवरच्या साऱ्या शिवाराचा असतो. म्हणूनच तो कोणाला एकट्याला दिसत नाही. आवाहनाच्या पत्रकात कोणी आकाशपाळणा काढून दाखवला, हातउसन्याचा हिशेब सांगितला, तर तो डबा अडगळीत पडणार नाही, असे मला वाटते. आपला शेतकरी हातउसने म्हणजे काय ते कोणाहीपेक्षा चांगले जाणतो.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांची वीज वॉटऐवजी व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने मोजून आकारली जाऊ लागली. म्हणजे तो तिरका बाण आता थेट बिलाच्या एककातच येऊन बसला. दंड म्हणून वेगळी ओळ शोधायची गरज राहिली नाही. पण त्यामुळे कोन समजण्याची गरज संपत नाही, उलट वाढते. दंडाची ओळ निदान खटकत तरी असे. आता न कळणाऱ्याला नुसते बिल मोठे आलेले दिसेल, का ते कळणार नाही. आणि त्या बिलावरून कोणाला कर्ज द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवणारी माणसे बँकांत आजही बसलेली आहेत. त्यांतली काही सायन्सची पदवी घेतलेली असतील. त्यांच्या उत्तरपत्रिकांत आकृती सुबकच असेल.

म्हणून शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एकदा १०० आणि २०० ची बेरीज २३० होते, हे मुलांना आपल्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत दाखवावे. तांब्याच्या चोकची ट्यूब आता घरांतून जवळजवळ गेली, एलईडी आल्या, पण प्रयोगशाळेच्या कपाटात एखादा चोक निघेलच. मुलांना आधी गोंधळू द्यावे, आमच्या कॅशियरसारखे 'टॅली होत नाही' असे ओरडू द्यावे. मग बाण काढावा. त्यात एखादा तास जास्त जाईल, पण तो बाण जन्मभर विसरला जाणार नाही.

त्या मुलीला मी रविवारी हे सारे सांगितले नाही. तिची परीक्षा जवळ आहे. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवले. "पंखा हळू फिरायला लागला की वायरमन येऊन काय म्हणतो?"

"कंडेन्सर गेला म्हणतो," ती म्हणाली.

"तो कॅपॅसिटरच. आपल्या घरात येणारी वीज नुसती मागेपुढे हेलकावते. हेलकाव्याने वस्तू थरथरेल, गोल कशी फिरेल? पंख्यात दोन वेटोळी असतात. कंडेन्सर त्यांतल्या एकाचा प्रवाह साधारण पाव फेरी पुढे ढकलतो. एक धक्का आत्ता, दुसरा थोड्या वेळाने, दुसऱ्या बाजूने. म्हणून पंखा फिरतो. कंडेन्सर पार गेला तर पंखा नुसता गुणगुणतो, हाताने ढकलल्याशिवाय हलत नाही."

ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग पुस्तकातल्या आकृतीकडे पाहिले, आणि पेन्सिलीने दोन बाणांच्या मधल्या कोनात एक छोटासा वाटोळा फेरा काढला.

"म्हणजे दोघं एका वेळी आले असते, तर फिरलाच नसता," ती म्हणाली.

मी मान डोलावली. एवढे वाक्य १९८० साली माझ्या तोंडून निघायला हवे होते.